ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोटाएवढे बांगडे : मासेमारी बंदी नेमके कोणाचे रक्षण करते?

मांडवीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी गोव्यातील बार्देश तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि हा काळ मासळीच्या विणीचा असल्यामुळे ती बंद ठेवतात, असे मी मुलांना शिकवत आले आहे. आमच्या घरी ते दोन महिने सुक्या मासळीवर आणि नदीत जे काही मिळते त्यावर निघतात आणि त्याविषयी कोणाची तक्रारही नसते, कारण समुद्राला विसावा मिळाला पाहिजे हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला लहानपणापासून सांगितलेले आहे.

यंदा बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हापशाच्या बाजारात गेले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पाटीत माझ्या बोटाएवढे बांगडे होते. आमच्या घरी अनेक वर्षे मासळी देणाऱ्या बाईंनी स्वतःच सांगितले की हे घेऊ नका, यात काटे अधिक आणि मांस कमी आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात हा विषय निघाला, तेव्हा चौथीतील एका मुलाने विचारले, "बाई, ही तर पिल्ले आहेत ना? मग दोन महिने थांबून काय उपयोग झाला?" मला त्याला उत्तर देता आले नाही आणि ती गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. बंदीचा खरोखर उपयोग होतो का? अतिमासेमारी रोखण्यासाठी सरकारने याखेरीज काय काय केले आहे, आणि त्यातले प्रत्यक्ष समुद्रावर किती पोहोचते? मला कोणावर दोषारोप करायचा नाही, त्या मुलाला खरे उत्तर द्यायचे आहे.

जाळे आणि मोजपट्टी

बाई, आपल्या विद्यार्थ्याने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. मी काही वर्षे किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचे नमुने मोजण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

पावसाळ्यात नैर्ऋत्येकडील वाऱ्यांमुळे आपल्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर ढकलले जाते आणि खालचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते. त्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी जगतात आणि या अन्नाच्या आधाराने बांगडा, तारला (सार्डिन) यांची पिल्ले वाढतात. बांगड्याची वीण पावसाळ्याच्या आरंभापासून पुढे काही महिने चालू राहते. म्हणजे जूनमध्ये अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू १ ऑगस्टला दोन महिन्यांचे असते, किनाऱ्याजवळच थव्याने फिरत असते, आणि त्याच दिवशी सगळे ट्रॉलर (मागे जाळे ओढत नेणाऱ्या बोटी) आणि पर्ससीन बोटी (थव्याभोवती जाळे आवळणाऱ्या) एकदम समुद्रात उतरतात. बंदीने अंडी घालणाऱ्या मोठ्या मासळीला उसंत मिळते, हे खरे आहे आणि त्याचे मोल कमी नाही. मात्र त्या उसंतीतून जन्मलेल्या पिल्लांसाठी बंदीत कोणतीही तरतूद नाही. त्यांना वाचवण्यासाठी वेगळे नियम लागतात, ते म्हणजे विक्रीयोग्य माशाची किमान लांबी आणि जाळ्याच्या आसाचा, म्हणजे विणीतील छिद्राचा, किमान आकार.

केरळने २०१५ मध्ये १४ जातींसाठी अशी किमान लांबी ठरवली आणि पुढे ती यादी ५८ जातींपर्यंत वाढवली. तेथे बांगडा १४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तो पकडता येत नाही, आणि तारल्यासाठी ही मर्यादा १० सेंटिमीटर आहे. या मर्यादा कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासावर आधारलेल्या आहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तसाच नियम केला. बांगडा पहिल्यांदा अंडी घालण्याजोगा होतो तेव्हा तो साधारण १८ ते १९ सेंटिमीटर असतो, म्हणजे केरळची १४ सेंटिमीटरची मर्यादाही बरीच सौम्य आहे. तरीही तिच्यामुळे बोटाएवढा बांगडा बाजारात आणणे हा गुन्हा ठरतो, आणि तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

आसाच्या आकाराविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटी जी पिशवी असते, तिचे आस तिरक्या चौकटीचे असतात. बोट जाळे ओढू लागली की ताणामुळे हे आस मिटतात आणि कागदावर आकार नियमात असला तरी पिल्लाला निसटायला वाट उरत नाही. आस सरळ चौकोनी विणला तर तो ताणाखालीही उघडा राहतो. फरक केवळ विणीचा आहे, त्यासाठी फार मोठा खर्चही लागत नाही, आणि म्हणूनच आजवर तो सर्वत्र का झाला नाही याची मला मनापासून खंत वाटते.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. मासळी कमी झाली की दोष दर वेळी जाळ्याचाच असतो असे नाही. केरळमध्ये २०१२ मध्ये तारल्याचे उत्पादन जवळजवळ चार लाख टनांपर्यंत गेले होते, ते २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आले. समुद्राचे तापमान, एल निनो, पिल्लांसाठी अन्नाची उपलब्धता या सगळ्यांचा त्यात वाटा होता. परंतु समुद्र स्वतःच प्रतिकूल झालेला असताना उरलेली पिल्लेही जाळ्यात गेली, तर तो साठा सावरायला कितीतरी अधिक वर्षे लागतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ मध्ये देशातील मासळीचे १३५ साठे, म्हणजे एकेका भागातील एकेका जातीचे समूह, तपासले आणि त्यांपैकी ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचे सांगितले. हा आकडा दिलासा देणारा आहे, आणि जगातील स्थितीशी तुलना केली तर अधिकच, कारण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनुसार जगातील अतिमासेमारी झालेल्या साठ्यांचे प्रमाण १९७४ मध्ये १० टक्के होते, ते २०२१ पर्यंत ३७.७ टक्के झाले. मात्र एक साठा म्हणजे शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्याचा हिशेब असतो. तो सुस्थितीत असला म्हणून बागा किंवा कोलवा येथील किनाऱ्यालगतची मासळीही तशीच आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. मोरीसारखा (शार्क) मासा तर उशिरा वयात येतो आणि एका वेळी थोडीच पिल्ले देतो, त्याला बांगड्याच्या मापाने मोजताच येणार नाही.

रापणकाराची नात

वरचे उत्तर वाचून बरे वाटले, परंतु यात माणसे राहून गेली आहेत, म्हणून लिहिते.

माझे आजोबा दक्षिण गोव्यातील सासष्टीच्या किनाऱ्यावर रापण ओढत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते : होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून वीस-तीस, कधी त्याहूनही अधिक माणसांनी मिळून ओढायची. किनाऱ्याजवळ थवा आला तरच रापणीला मासळी, नाहीतर दिवस रिकामा. रापण थव्याच्या मागे जाऊ शकत नाही. मिळालेल्या मासळीचे वाटे होत, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, आणि ओढायला हात लावलेल्या विधवेलाही तिचा वाटा मिळे, असे आजी सांगत असे.

गोवा मुक्तीनंतर सरकारी कर्ज आणि अनुदानावर ट्रॉलर आले, पुढे पर्ससीन आली. पर्ससीन म्हणजे थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करून तळाची दोरी बटव्याच्या नाडीसारखी आवळायची. जी मासळी किनाऱ्याकडे येत होती, ती वाटेतच उचलली जाऊ लागली. त्याविरुद्ध सत्तरच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी जे आंदोलन केले, त्यात आजोबा होते. माथानी साल्ढाणा यांचे नेतृत्व होते, आणि या चळवळीचा हात देशभरच्या मच्छीमारांचा मंच १९७८ मध्ये उभा राहण्यातही होता. आज आपण ज्याला सागरी पर्यावरणाचे रक्षण म्हणतो, त्याची पहिली मागणी गोव्यात अशी पोटाच्या प्रश्नातून आली. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. केरळ आणि गोवा ही असा कायदा करणारी पहिली राज्ये.

हे सांगताना मला अभिमान वाटतो, परंतु त्याबरोबर जे आज दिसते तेही सांगितले पाहिजे. रात्री आमच्या घराच्या गच्चीवरून समुद्राकडे पाहिले की त्या पाच किलोमीटरच्या आत दिवे दिसतात. पाण्यावर रेषा आखता येत नाही, हे मला कळते, पण दिवा दिसतो तो तर सर्वांनाच दिसतो. एलईडीचे प्रखर दिवे लावले की प्रकाशाकडे लहान जीव येतात, त्यांच्यामागे माणके (म्हाकूळ) आणि मासळी येते, लहानमोठे सगळे एका जागी गोळा होते आणि जाळे भोवती फिरवले की सगळेच वर येते. अशा रात्रींनंतर सकाळी रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात काय मिळणार? माझ्या चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी रापणीतला आपला वाटा सोडला आणि तो आता पर्यटकांच्या होडीवर काम करतो. जाळे अजून घराच्या पडवीत टांगलेले आहे.

कायद्याचा अभ्यासक

एलईडीचा उल्लेख आला म्हणून त्यामागची कायदेशीर बाजू मांडतो, कारण प्रश्नातील "समुद्रावर किती पोहोचते" या भागाचे उत्तर बरेचसे तिथे आहे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मासेमारी हा राज्याचा विषय आहे, परंतु प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी केंद्राच्या यादीत आहे. प्रादेशिक समुद्र म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत देशाचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जेथील मासळीवर देशाचा हक्क असतो तो समुद्र. म्हणून गोव्याच्या बोटीसाठी पहिल्या २२ किलोमीटरमध्ये एक सरकार आणि त्यापुढे दुसरे. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्या क्षेत्रात एलईडी दिव्यांची मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून एकच जाळे ओढण्याची पद्धत, ज्याला आपण बुल ट्रॉलिंग म्हणतो, या दोन्हींवर बंदी घातली. गोवा सरकारनेही आपल्या पाण्यात एलईडीला मनाई केली आहे. म्हणजे आपण गच्चीवरून पाहता ते दिवे कोणत्याही पाण्यात असले तरी बेकायदेशीरच आहेत. उणीव कायद्याची नसून गस्तीची आहे : दिव्यासह बोट पकडावी लागते, आणि जेटीवर परत येईपर्यंत दिवे उतरवून ठेवणे अवघड नसते. जनरेटर आणि दिव्यांची जोडणी बोटीवर सापडली तरी तोच पुरावा मानला जावा, ही मागणी मला पूर्णपणे योग्य वाटते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम काढले. त्यांत या दोन्ही बंदी कायम आहेत, यांत्रिक बोटींना त्या क्षेत्रात जाण्यासाठी डिजिटल प्रवेशपत्र घ्यावे लागते, आणि लहान पारंपरिक होड्यांना ते लागत नाही. त्याआधी २०२४ मध्ये, प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली, देशभरातील एक लाख बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर (उपग्रहामार्फत संदेशांची देवाणघेवाण करणारे यंत्र) बसवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा मुख्य हेतू वादळाची सूचना आणि संकटातील सुटका हा आहे, परंतु बोट कोणत्या वेळी कोठे होती हेही त्यातून कळू शकते. पाच किलोमीटरची रेषा पाण्यावर आखता येत नाही हे खरेच, मात्र पडद्यावर ती आखता येते. ही माहिती गस्तीच्या कामी वापरायची की नाही, एवढाच निर्णय आता उरलेला आहे.

न्यायालयांनी मच्छीमारांच्या बाजूने दिलेला एक महत्त्वाचा निर्णय येथे आठवतो. केरळने प्रादेशिक समुद्रात पर्ससीनवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये वैध ठरवली. त्यामुळे मोठ्या गटाची उपजीविका आणि मासळीचा साठा यांच्यासाठी थोड्यांच्या व्यवसायावर मर्यादा घालता येते, याविषयी शंका राहिलेली नाही. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तमिळनाडूच्या पर्ससीन बोटींना १२ सागरी मैलांपलीकडे आठवड्यातून केवळ दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत मासेमारीची अंतरिम मुभा दिली. वर्षातून दोन महिने बंद आणि दहा महिने मोकळीक, यापेक्षा वर्षभर आठवड्याचे दिवस मोजून देणे अधिक परिणामकारक ठरेल का, याचा गोव्याने विचार करावा असे मला वाटते. आपल्या राज्याचा समुद्र लहान आहे, असा प्रयोग येथे करून पाहणे इतर राज्यांपेक्षा सोपे आहे.

डिझेलविषयीही थोडे. ट्रॉलरच्या डिझेलवरील करात राज्य सवलत देते. लहान धंद्याला ती हवीच, परंतु जितके जास्त डिझेल तितकी जास्त सवलत, या रचनेत अधिक ओढणाऱ्यालाच अधिक मिळते. जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ मध्ये मत्स्य अनुदानांविषयी जो करार मंजूर झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आला, तो बेकायदेशीर मासेमारीला आणि आधीच उपसून काढलेल्या साठ्यांवरील मासेमारीला मिळणारी अनुदाने रोखतो. बोटींची एकूण क्षमता वाढवणाऱ्या अनुदानांचा प्रश्न मात्र त्यात सुटलेला नाही. लहान मच्छीमारांना संरक्षण मिळावे आणि खोल समुद्रात दूरवर ताफे पाठवणाऱ्या देशांनी आधी हात आवरावा, ही भारताची भूमिका मला न्याय्य वाटते, परंतु तिच्या आडून आपल्याच मोठ्या बोटींचा हिशेब टळता कामा नये.

एक ट्रॉलरमालक

मी मालीम जेटीवरून एक ट्रॉलर चालवतो. वरील सर्वांचे म्हणणे मी आदराने वाचले, आणि त्यातले पुष्कळसे मला मान्य आहे. तरीही आमची बाजू समजून घ्यावी.

बंदीच्या दोन महिन्यांत बोट किनाऱ्यावर असते, पण कर्जाचा हप्ता चालू असतो. माझ्या बोटीवरील माणसे ओडिशा आणि झारखंडमधून येतात, त्यांना जुलैअखेर परत आणण्यासाठी आगाऊ उचल द्यावी लागते. बर्फ, डिझेल, जाळ्यांची दुरुस्ती, हे सगळे १ ऑगस्टच्या आधी होते. त्या पहिल्या आठवड्यात लहान मासळी आहे हे मलाही दिसते. परंतु मी थांबलो तर ती मासळी समुद्रात राहत नाही, ती शेजारच्या बोटीत जाते, आणि शेजारची बोट गोव्याचीच असेल असेही नाही. लहान बांगड्याला भाव मिळत नाही, बराचसा भाग भुकटी करणाऱ्या कारखान्याकडे अगदी अल्प दराने जातो. तोच मासा तीन महिन्यांनी विकला तर कितीतरी पटींनी अधिक पैसे मिळतील, हे गणित आम्हाला येत नाही असे कृपया समजू नये.

किमान लांबीचा नियम मला मान्य आहे, पण तो रत्नागिरीपासून कर्नाटकातील मालप्यापर्यंत एकाच दिवशी आणि एकाच मापाने लागू झाला पाहिजे. मोजणी जेटीवर, मासळी उतरताना व्हावी. आजवर माझ्या बोटीचे कागद अनेकदा तपासले गेले, परंतु माझी मासळी कोणी मोजली नाही. आणि केवळ बाजारातील बाईंना पकडून काही होणार नाही. त्यांना जे मिळते ते त्या विकतात.

जाळे आणि मोजपट्टी

ट्रॉलरमालकांचा एकाच दिवशी, एकाच मापाने हा आग्रह अगदी रास्त आहे. केरळमध्येही सुरुवातीला हीच अडचण आली होती, कारण जवळच्या राज्यात नियम नव्हता. मासा राज्याची हद्द ओळखत नाही, म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांनी एकत्र बसून हे ठरवावे लागेल. पर्ससीनच्या बाबतीत मात्र एक अडचण राहतेच : जाळे आवळल्यावर आत पिल्ले आहेत हे कळले, तरी ती सोडेपर्यंत बरीच मेलेली असतात. तेथे मापाआधी जागा आणि वेळ यांचा नियम लागेल, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ज्या पट्ट्यात नमुन्यात पिल्ले अधिक सापडतील तो पट्टा काही दिवस बंद ठेवायचा.

कॅनडातील न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी १९९२ मध्ये पूर्ण बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० माणसांचे काम एका दिवसात गेले. तेथेही बोटवाले आणि शास्त्रज्ञ अनेक वर्षे आकड्यांवर वाद घालत राहिले होते. आपल्याकडील साठे आज त्या अवस्थेत नाहीत, म्हणूनच हे बोलणे आत्ता झाले पाहिजे.

मांडवीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रापणकाराची नात यांच्या घरच्या पडवीतील जाळ्याविषयी वाचून डोळ्यांत पाणी आले. शक्य असल्यास एकदा मुलांना ते दाखवायला आणायची परवानगी द्यावी.

वर्गात काय सांगायचे ते आता मला कळले. बंदीने आईला वाचवले, पिल्लाला वाचवण्याचा नियम गोव्यात अजून हवा आहे, असे त्या मुलाला सांगणार आहे. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आम्ही काही पालक आणि मुले बाजारात जाऊन, विक्रेत्या बाईंची परवानगी घेऊन, बांगड्यांची लांबी वहीत लिहून काढू, आणि सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजू. त्या नोंदी ग्रामसभेत ठेवता येतील. एकच शंका आहे : लांबी नेमकी कोठून कोठपर्यंत मोजायची?

जाळे आणि मोजपट्टी

तोंड बंद करून, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या लांब पात्याच्या टोकापर्यंत. मासा सपाट फळीवर आडवा ठेवावा, फूटपट्टी त्याच्या खाली असावी, अंगावर वळवून ठेवू नये. वर आलेले काही मासे निवडून न मोजता एका वाट्यातील सगळे मोजावेत, लहान आणि मोठे दोन्ही. तारीख, बाजार आणि मासळी कोणत्या जेटीवरून आली हेही प्रत्येक वेळी लिहावे.